मांजराचे मुके दुखणे

रुग्ण समोर येऊन बसला की आपण त्याला पहिला प्रश्न विचारतो, ‘काय होतंय?’ त्याच्या उत्तरावर आपली निम्मी तपासणी उभी असते. बालरोगतज्ज्ञ मित्रांना हे उत्तर बाळाच्या आईकडून मिळवावे लागते. घरातील मांजर मात्र बोलत तर नाहीच, उलट आपले दुखणे लपवते. या लपवण्याने मला एकदा चांगलाच धडा शिकवला. तो आधी सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

आमच्या घरी सोन्या नावाचा चार वर्षांचा बोका होता. एके दिवशी सकाळपासून तो आपल्या वाळूच्या ट्रेमध्ये वारंवार जाऊन बसू लागला. कुंथायचा, काही न होता बाहेर यायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा जायचा. घरच्यांनी विचारले तेव्हा मी ‘बद्धकोष्ठ’ असे निदान करून मोकळा झालो आणि दुधातून चमचाभर तूप द्यायला सांगितले. संध्याकाळी त्याला उलटी झाली. रात्री तो कपाटामागे जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी त्याच्या पोटावर हात ठेवला मात्र, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. मूत्राशय ताठ फुगले होते. लघवी पूर्ण अडली होती. रक्तातील पोटॅशियम वाढले होते. भूल देऊन कॅथेटर घातला, सलाइन लावले, आणि सोन्या वाचला. तीस वर्षांच्या व्यवसायात पोटावर हात न ठेवता मी कोणाही रुग्णाला सारक दिले नसते. घरच्या मुक्या प्राण्याला मात्र दिले.

बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे फार अरुंद होत जातो. तेथे स्फटिक आणि श्लेष्मा यांचा बोळा बसला की लघवी तुंबते. वेळीच इलाज न झाल्यास दोन-तीन दिवसांत मृत्यू ओढवतो. म्हणून बोका ट्रेमध्ये वारंवार बसत असेल, ओरडत असेल किंवा मूत्रद्वार सतत चाटत असेल, तर ते बद्धकोष्ठ नव्हे असे धरूनच चालावे आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, पशुवैद्य गाठावा.

मांजर दुखणे का लपवते? ते एकट्याने शिकार करणारे, पण स्वतःही मोठ्या प्राण्यांचे भक्ष्य होऊ शकणारे लहान जनावर आहे. निसर्गात दुबळेपणा दिसणे म्हणजे मरण. त्यामुळे मांजराच्या बाबतीत लक्षणांपेक्षा सवयींतील बदल अधिक बोलका असतो. रोज ओट्यावर उडी मारणारे मांजर खालीच बसून राहणे, अंग चाटणे बंद होऊन केस राठ होणे, माणसांतले मांजर पलंगाखाली अंधारात दडणे, या खुणा आपल्या ‘अन्नावर वासना नाही’ या तक्रारीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. घुरघुरण्यावर विसंबू नये. मांजर सुखात घुरघुरते, तसेच वेदनेतही घुरघुरते.

आपल्याकडे पोट बिघडले की लंघन सुचवण्याची जुनी रीत आहे. मांजराला ती मानवत नाही. विशेषतः लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिले, तर शरीरातील चरबी यकृतात साचते, कावीळ होते आणि मूळ आजार बाजूला राहून हाच आजार जीव घेऊ शकतो. म्हणून मोठ्या मांजराने चोवीस तास काहीही खाल्ले नाही, तर थांबू नये. लहान पिल्लाच्या बाबतीत तेवढाही धीर धरू नये. लस न दिलेल्या पिल्लाला उलट्या, जुलाब आणि ग्लानी एकदम आली, तर मांजरांच्या पार्व्होची शंका घ्यावी.

श्वासाची खूण सर्वांत तातडीची. कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो ते स्वाभाविक असते. मांजराने तसे करणे बहुधा संकट असते. छातीत पाणी साचणे, हृदयाच्या स्नायूंचा विकार, दमा अशी कारणे त्यामागे असू शकतात. मांजर गाढ झोपलेले असताना मिनिटभर त्याचे श्वास मोजावेत. ते वारंवार तीसच्या वर जात असतील, तर तपासणी करून घ्यावी. धाप लागलेल्या मांजराला औषध पाजण्याची झटापट करू नये. टोपलीत अलगद ठेवून न्यावे.

हृदयविकाराचेच आणखी एक रूप आपल्याला परिचित वाटेल. मांजर अचानक किंचाळते, मागचे दोन्ही पाय ओढू लागते, ते पाय गार लागतात आणि तळव्यांच्या गाद्या पांढुरक्या किंवा निळसर दिसतात. महाधमनी जेथे दुभंगते तेथे रक्ताची गुठळी अडकल्याचे हे चित्र होय. घरच्यांना वाटते, कोठून तरी पडले असेल.

काही आजार मात्र सावकाश येतात. म्हातारे मांजर भरपूर खाऊनही वाळत असेल, तर थायरॉइड आणि मधुमेह आठवावेत. पाणी आणि लघवी वाढली असेल, तर मधुमेहाबरोबर मूत्रपिंडाचाही विचार करावा. मांजराला उचलून काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे. फरक म्हणजे मांजराचे वजन. असे महिन्यातून एकदा करून लिहून ठेवावे. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम घटणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो घटणे होय.

आता आपल्या व्यवसायबंधूंना एक कळकळीची सूचना. मांजराचे स्वाभाविक तापमान सुमारे १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. १०२ चा आकडा पाहून आपला हात सवयीने पॅरासिटामॉलकडे जातो. तो आवरावा. हे औषध निकामी करणारी यकृतातील प्रक्रिया मांजरात अत्यंत दुबळी असते. ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी त्याचा जीव घेऊ शकते. हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन होते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात. गोळी पोटात गेलीच असेल, तर पशुवैद्याला तसे स्पष्ट सांगावे. एन-ॲसिटिलसिस्टीन तेथेही उपयोगी पडते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही घरच्या घरी देऊ नये. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारी परमेथ्रिनयुक्त औषधे मांजराला लावल्यास झटके येतात. समारंभात मिळालेल्या गुच्छातील लिलीची फुले, पराग, एवढेच काय, फुलदाणीतले पाणीही मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकते.

शेवटी माणसांविषयी. वागणे एकाएकी बदललेले, लाळ गाळणारे, विनाकारण चावा घेणारे मांजर तोंड उघडून तपासू नये. रेबीजची शक्यता ध्यानात ठेवावी. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लसीकरण विनाविलंब सुरू करावे. ‘मांजर तर घरचेच आहे’ ही सबब आपण रुग्णाकडून ऐकून घेत नाही. स्वतःलाही देऊ नये.

पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक घरात दिसेल असा लिहून ठेवावा आणि रात्री कोण उपलब्ध असते याची चौकशी आधीच करून ठेवावी. सोन्या त्या दुखण्यानंतर सात वर्षे जगला. त्या काळात तो ट्रेमध्ये एकदा जास्त गेला, तरी मी हातातले वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठत असे.