महामारी आणि आशेचा सद्गुण

कोणतीही मोठी साथ ओसरली की माणसापुढे दोन प्रश्न उभे राहतात. गेलेल्यांचे काय, आणि राहिलेल्यांनी कसे जगावयाचे? वैद्यकशास्त्र रोग हटवते, परंतु ह्या प्रश्नांची उत्तरे त्याच्याजवळ नसतात. ती जो तो आपल्या धर्मात, नाही तर आपल्या चळवळीत शोधतो. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा कॅथलिक पंथाने ह्यांचा विचार कसा केला, हे आज पाहावयाचे आहे. मी त्या पंथाचा नव्हे. माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले, तेव्हा मी त्याच बाजूने पाहणार, हे श्रोत्यांनी गृहीत धरावे.

२७ मार्च २०२० ची संध्याकाळ. रोममध्ये पाऊस पडत होता. सेंट पीटरच्या ज्या चौकात एरवी हजारोंची गर्दी लोटते, तो ओस पडला होता. त्या मोकळ्या चौकात पोप फ्रान्सिस एकटे चालत आले व त्यांनी जगासाठी प्रार्थना केली. सान मार्चेल्लो देवळातला लाकडी क्रूस तेथे मुद्दाम आणून ठेवला होता. १५१९ साली ते देऊळ जळाले, पण हा क्रूस वाचला. पुढे १५२२ च्या प्लेगात रोमच्या लोकांनी तो खांद्यावर घेऊन सोळा दिवस शहरभर मिरवला.

आता फरक पाहा. १५२२ साली श्रद्धेने गर्दी जमवली, २०२० साली तिने गर्दी टाळली. श्रद्धा कमी झाली म्हणून हे घडले काय? नव्हे. शेजाऱ्याचा जीव जपणे हेही धर्मकर्तव्यच, असा त्यामागचा विचार होता. त्याला जुना आधारही आहे. १५७६ च्या प्लेगात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ ह्यांनी चव्हाट्यांवर वेद्या उभारविल्या, म्हणजे घरात कोंडलेल्यांना खिडकीतूनच उपासनेत भाग घेता यावा.

त्या संध्याकाळच्या प्रवचनात पोपनी वादळात सापडलेल्या नावेची बायबलमधली गोष्ट सांगितली. सगळे एकाच नावेत आहेत, एकट्याने कोणी तरणार नाही, हा तिचा मथितार्थ. डॉक्टर व परिचारिकांच्या जोडीने त्यांनी झाडूवाले, दुकानांतले नोकर, वाहतुकीचे कामगार ह्यांचीही आठवण केली. ज्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत, त्यांच्या जिवावर जग चालले आहे, असे ते म्हणाले. आम्ही दारासमोरच्या सभेत हेच सांगत आलो. पण सेंट पीटरच्या पायरीवरून ते सांगितले गेले, ह्याला वजन आहे.

आता आशेकडे वळू. कॅथलिक शिकवणीत विश्वास, आशा व प्रीती हे तीन सद्गुण ईश्वराकडून येतात असे मानतात. आशा हा सद्गुण आहे, नुसता मनाचा कल नव्हे. म्हणून तिच्याविरुद्ध दोन पापे सांगितली आहेत. एक निराशा, ‘आता काही व्हावयाचे नाही’ म्हणून हात टाकणे. दुसरे फाजील भरवसा, ‘सगळे आपोआप ठीक होईल’ म्हणून हातावर हात ठेवून बसणे. दोघांचा परिणाम एकच. माणूस काम सोडतो.

शिवाय ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या कथेत एक बारकावा आहे. उठलेल्या ख्रिस्ताच्या अंगावर खिळ्यांच्या जखमा तशाच आहेत. थोमा नावाचा शिष्य त्यांवरूनच त्याला ओळखतो. तात्पर्य, नवे जीवन म्हणजे झाले गेले पुसून पूर्वस्थितीवर येणे नव्हे. ३१ मे २०२० रोजी पोपनी हेच दुसऱ्या शब्दांत मांडले. संकटापेक्षा ते वाया घालवणे अधिक वाईट, असे ते म्हणाले.

संकट वाया कसे जाते, हे मुंबईला ठाऊक आहे. १८९६ साली येथे प्लेग आला. वांद्र्याच्या व आसपासच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांनी गल्लोगल्ली क्रूस उभारले. त्यांतले कित्येक आजही उभे आहेत. त्याच वेळी गिरणीकामगार गावी पळाले. कामगार मिळेना, तेव्हा मालकांची माणसे नाक्यानाक्यावर बोली लावू लागली आणि मजुरी रोजच्या रोज हातात पडू लागली. पण साथ ओसरू लागताच मालकांनी महिन्याच्या पगाराची रीत पुन्हा बसवली. कामगारांनी संपही केले. परंतु कायमची संघटना नव्हती, म्हणून मिळालेले टिकले नाही.

नव्याने सुरुवात करण्याची एक जुनी कल्पना बायबलमध्ये आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात दर पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ धन्याला परत द्यावी, गुलामांना सोडावे, अशी आज्ञा आहे. कॅथलिकांनी हे महोत्सवी वर्ष १३०० सालापासून आपल्या पद्धतीने पाळले. २०२५ च्या महोत्सवाचे ब्रीद ‘आशेचे यात्रेकरू’ असे होते. त्याच्या तयारीसाठी पोपनी ११ फेब्रुवारी २०२२ रोजी लिहिलेल्या पत्रात महामारीचा स्पष्ट उल्लेख आहे. पुढे गरीब देशांची कर्जे माफ करा, असे आवाहनही त्यांनी श्रीमंत देशांना केले. त्याआधी १२ एप्रिल २०२० रोजी, ईस्टरच्या दिवशी, फेरीवाले, कचरा वेचणारे, बांधकाम मजूर अशांच्या संघटनांना त्यांनी पत्र धाडले व सर्व कष्टकऱ्यांना किमान वेतन मिळण्याचा विचार व्हावा, असे सुचविले.

कोणी विचारील, पोपच्या पत्राने कोणाचा पगार वाढला? प्रश्न रास्त आहे. पत्र म्हणजे कायदा नव्हे. पण १८९१ साली तेरावे लिओ ह्यांनी ‘रेरुम नोवारुम’ ह्या परिपत्रकात पोटापुरती मजुरी आणि कामगारांचा संघ करण्याचा हक्क मान्य केला, तेव्हा संघ हे पाप आहे असे म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली. फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी वारले. त्यांच्यामागून आलेल्या पोपनी चौदावे लिओ हे नाव घेतले, आणि त्या परिपत्रकाचे स्मरण हे त्याचे एक कारण म्हणून सांगितले.

धर्माने सदसद्विवेक जागा करावा. मजुरी संघटनेनेच मिळवावी लागते. २०२० च्या उन्हाळ्यात आपल्या रस्त्यांवरून गाठोडी घेऊन पायी निघालेले मजूर आपण पाहिले. त्यांच्यापैकी जे परत कामावर आले, ते कोणत्या अटींवर आले, हे आपल्या गावापुरते तरी प्रत्येकाने विचारावे. आशेचे काम तेथून सुरू होते.