साखर कारखान्याची सहल : काय पाहावे, काय विचारावे

आपल्या वऱ्हाडातली मुले कापूस ओळखतात. जिनिंगमध्ये कापूस गेला की एकीकडे रुई, दुसरीकडे सरकी, सरकीचे तेल आणि उरली ती ढेप, हे अमरावती-अकोल्याच्या मुलाला शिकवावे लागत नाही. ऊस मात्र त्याच्यासाठी रसवंतीपुरता. आपल्याकडेही साखर कारखाने निघाले, पण फारसे टिकले नाहीत. बुलडाणा जिल्ह्यात दुसरबीडचा जिजामाता सहकारी कारखाना बंद पडला. कापूस-सोयाबीनच्या कोरडवाहू पट्ट्यात वर्षभर पाणी पिणारे पीक कारखान्याला पुरेल इतके येणार कुठून?

म्हणून चालू कारखाना दाखवायचा तर अहिल्यानगर जिल्हा सोयीचा. अकोल्याहून रेल्वेने मनमाड, तिथून कोपरगाव. त्या परिसरात बरेच कारखाने आहेत. प्रवरानगरचा कारखाना त्यांतला सर्वांत नावाजलेला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी तो सहकारातून उभा केला आणि १९५०-५१ मध्ये पहिला हंगाम घेतला. शाळेच्या लेटरहेडवर कार्यकारी संचालकांच्या नावे आधी अर्ज करावा. गाळप नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते आणि मार्चच्या आसपास आटोपते. हल्ली रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तेव्हा डिसेंबर-जानेवारीच बरा. बंद बूट हवेत. मुलींनी ओढणी, बुरख्याचा घेर नीट आवरून घ्यावा. आत साखळ्या आणि पट्टे फिरत असतात.

पाहण्याची सुरुवात वजनकाट्यापासून करावी. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितकी त्यातली साखर घटते, म्हणून चोवीस तासांच्या आत गाळप व्हावे अशी धडपड असते. गव्हाणीत पडलेला ऊस आधी सुऱ्यांनी तुटतो, मग मोठ्या रोलरांच्या चरकांतून एकामागून एक पिळला जातो. रसात चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर सोडून गाळ खाली बसवतात. स्वच्छ रस आटवतात आणि शेवटी हवा काढलेल्या बंद कढयांत शिजवतात. हवा काढली की रस कमी उष्णतेवर उकळतो, त्यामुळे साखर करपत नाही. आठवीच्या वर्गात दाब आणि उत्कलनबिंदू शिकवताना मला जे जमत नाही, ते इथे काचेच्या खिडकीतून दिसते. नंतर जोरात फिरणाऱ्या यंत्रात दाणे आणि मळी वेगळी होतात. एक टन उसातून साधारण शंभर ते एकशे दहा किलो साखर निघते.

मग बाकीचे नऊशे किलो कुठे जातात? मुलांना हाच प्रश्न विचारायला सांगावा, कारण आजचा कारखाना त्याच्या उत्तरावर उभा आहे. त्यात बरेचसे पाणी असते. सुमारे पावणेतीनशे-तीनशे किलो ओलसर चिपाड उरते. ते बॉयलरमध्ये जळते, वाफेवर टर्बाइन फिरते, कारखाना स्वतःच्या विजेवर चालतो आणि सहवीजनिर्मितीचा प्रकल्प असेल तर उरलेली वीज विकतो. गाळाला प्रेसमड म्हणतात. त्याचे खत होते, आता काही ठिकाणी वाहनांसाठी गॅसही. चाळीस-पंचेचाळीस किलो मळी आसवनीत जाते आणि तिचे इथेनॉल होते.

इथे आमच्या मुलांनी हमखास विचारले, ‘टीचर, म्हणजे दारूच ना?’ प्रश्न टाळू नये. मळी आंबवून जो अल्कोहोल निघतो, त्यापासून दारूही बनते हे खरे. पण पेट्रोलसाठीच्या इथेनॉलमधले पाणी जवळजवळ पूर्ण काढून टाकतात आणि ते पिण्याजोगे राहू नये म्हणून त्यात दुसरे द्रव्य मिसळतात. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. कोरोनाच्या काळात याच आसवन्यांतून सॅनिटायझर आले. मसल्याचे म्हणाल तर ते उलेमांना विचारावे. शिक्षकाने वस्तू काय आहे ते नीट सांगावे.

उर्दूच्या तासालाही इथून बरेच मिळते. संस्कृत शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर, इंग्रजी शुगर हे एकाच घरचे शब्द. ऊस भारतातून इराणकडे गेला आणि अरबांनी तो मिसर, पुढे स्पेनपर्यंत नेला. आपण खडीसाखरेला मिसरी म्हणतो, त्यात मिसर आहेच.

कारखान्याचा मार्गदर्शक बहुधा साखरेच्या गोदामाशी सहल संपवतो. मुलांच्या हातावर गरम साखर पडते, फोटो निघतात. माझे म्हणणे एवढेच की परतताना गाडी फाटकाबाहेर दहा मिनिटे थांबवावी. तिथे टायरच्या बैलगाड्यांची रांग असते आणि पलीकडे ऊसतोड मजुरांच्या कोप्या. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात. मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल हिवाळाभर ऊस तोडून फेडायची. मोळी डोक्यावरून वाहून गाडीत भरायचे काम बाईच्याही वाट्याला येते, आणि सोबत लेकरे असतातच. बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे अशी निघतात. आपल्या पुसद, लोणार, सिंदखेडराजाकडूनही जातात. त्या लेकरांशी बोलावे, पण त्यांचे फोटो काढू नयेत. आमच्या एका विद्यार्थिनीने गप्पांत विचारले, ‘तू कितवीला?’ उत्तर आले, ‘चौथीला, पण दिवाळीपासून नाही गेले.’

आपल्या गावातले कुणी ऊसतोडीला जात असेल तर त्यांना दिवाळीआधीच सांगावे. मुलांना गावात ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते; मुख्याध्यापकांकडे नाव द्यावे लागते. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहे २०२१ च्या योजनेतून सुरू झाली आहेत. मूल सोबत न्यावेच लागले तर कारखान्याजवळच्या शाळेने त्याला वर्गात घेतले पाहिजे. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही; २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. निघण्यापूर्वी आपल्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे, म्हणजे तिकडच्या गुरुजींना मूल कितवीत होते ते कळते.