सावकाराच्या वहीपासून कर्जाच्या अ‍ॅपपर्यंत

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पैशाचे व्यवहार बहुतेक दिल्लीकडे आहेत. बँका, विमा, चलन, शेअर बाजार हे सगळं केंद्रसूचीत. टपाल आणि दूरध्वनीही तिथेच. राज्यसूचीत तिसाव्या क्रमांकावर एक छोटी नोंद आहे : सावकारी, सावकार आणि शेतकऱ्यांच्या कर्जाचं निवारण. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामान्य माणसाच्या पैशाच्या रक्षणासाठी गेल्या पाऊण शतकात जे केलं, त्यातलं बरंच या एवढ्याशा जागेत पाय रोवून केलेलं आहे.

सावकारीच्या प्रश्नाची मुळं त्याहून जुनी. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली आणि दख्खनचे दंगे पेटले. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातूनच आला. आधी पेटायचं आणि मग कायदा व्हायचा, हा क्रम तेव्हा पडला तो पुढेही फारसा मोडला नाही.

१९४६ च्या मुंबई सावकार कायद्याने परवाना, हिशेबाची वही आणि पावती सक्तीची केली. परवानाधारक सावकार त्यात आला, पण गावोगावचा बिनपरवाना सावकार वहीच ठेवत नव्हता. कर्ज देताना तो जमिनीचं खरेदीखत करून घ्यायचा. कागदोपत्री विक्री, प्रत्यक्षात गहाण. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांनी हे चव्हाट्यावर आणलं तेव्हा जुना कायदा अपुरा ठरला. नवं विधेयक २०१० मध्ये आलं, राष्ट्रपतींच्या संमतीच्या वाटेवर रेंगाळलं आणि २०१४ मध्ये कायदा झाला. बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायला बंदी, म्हणजे जुना दामदुपटीचा नियम, त्यात आला. शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के अशी व्याजाची मर्यादा त्याच वर्षी ठरली. सगळ्यात धारदार तरतूद मात्र जमिनीची होती. सावकारीत गेलेल्या जमिनीची चौकशी करून ते खरेदीखत रद्द करण्याचा आणि जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला मिळाला.

शहरात पैसा दुसऱ्या वाटेने जात होता. मुंबईत फ्लॅट विकले जाऊ लागले आणि बिल्डरकडे आगाऊ रक्कम भरून लोक ताब्याची वाट पाहत बसले. त्यावर १९६३ मध्ये महाराष्ट्र सदनिका मालकी कायदा, म्हणजे मोफा, आला. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, ताब्याची तारीख हवी आणि शेवटी जमिनीसह इमारत सोसायटीच्या नावावर व्हायला हवी. यातली शेवटची अट असंख्य बिल्डरांनी पाळली नाही, तेव्हा २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचूनही मालकी सोसायटीकडे देण्याची सोय, आणलं. कायदा आणि त्याच्या दुरुस्तीमध्ये पंचेचाळीस वर्षं गेली. पुढे राज्याने २०१२ मध्ये स्वतःचा गृहनिर्माण नियमन कायदा केला. त्याला २०१४ मध्ये संमती मिळाली, पण तो रुजायच्या आधीच २०१६ चा केंद्रीय स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, आला आणि त्याच्या शेवटच्या कलमाने महाराष्ट्राचा कायदा नाव घेऊन रद्द केला. १ मे २०१७ पासून कारभार सुरू झाला तो महारेराचा, म्हणजे रेराखालच्या राज्य प्राधिकरणाचा. मोफा मात्र रेराने रद्द केला नाही.

ठेवींची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. नव्वदच्या दशकात घसघशीत व्याजाचं आमिष दाखवणाऱ्या योजना बुडू लागल्या. त्यात शेअर बाजारात पैसे लावून देणारे होते, सागाची झाडं विकणारेही होते. फसवणुकीचा गुन्हा नोंदवता येत होता, पण आरोपी तुरुंगात गेला तरी ठेवीदाराच्या हाती काही पडत नव्हतं. १९९९ च्या ठेवीदार हितसंबंध संरक्षण कायद्याने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एमपीआयडीने, ही उणीव नेमकी हेरली. संस्थेची आणि प्रवर्तकांची मालमत्ता सरकारने जप्त करायची, सक्षम प्राधिकाऱ्याने ती ताब्यात घ्यायची, विशेष न्यायालयाच्या आदेशाने विकायची आणि पैसे ठेवीदारांत वाटायचे.

२००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. त्यांच्या मते हा विषय केंद्राचा होता. तमिळनाडूचा तशाच स्वरूपाचा कायदा मद्रास उच्च न्यायालयाने उचलून धरला होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा आणि २०१२ मध्ये महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. तमिळनाडूच्या निकालात आधार म्हणून सांगितलेल्या नोंदींमध्ये सावकारीची तिसावी नोंदही होती. सुप्याच्या शेतकऱ्याचा आणि दादरच्या ठेवीदाराचा प्रश्न घटनेच्या एकाच ओळीत जाऊन बसला.

त्यानंतर कायद्याचा आवाका वाढतच गेला. २०१३ मध्ये नॅशनल स्पॉट एक्स्चेंजवर सुमारे ५,६०० कोटी रुपये थकले. शेतमालाच्या सौद्यांचा बाजार ही वित्तीय संस्था कशी, असा युक्तिवाद झाला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला, कारण कायद्यातली ठेवीची व्याख्या रुंद होती. मे २०२५ मध्ये त्याच प्रकरणात न्यायालयाने सांगितलं, की एमपीआयडीखाली जप्त झालेल्या मालमत्तेवर तारणधारक बँकांचा हक्क आधी लागत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी विधिमंडळाने लिहिलेली कलमं बँकांपुढेही टिकली, हे त्या मसुद्याचं यश म्हणायला हवं.

तरीही मर्यादा उघड आहे. एमपीआयडीचा मुख्य रोख पैसे थकल्यानंतरच्या कारवाईवर आहे. अनियंत्रित ठेव गोळा करणं हाच गुन्हा ठरवणारा कायदा २०१९ मध्ये केंद्राने केला. त्यानंतरही जानेवारी २०२५ मध्ये दादरमध्ये मोठ्या परताव्याचं आमिष दाखवणाऱ्या टोरेस कंपनीच्या शोरूमबाहेर गुंतवणूकदारांची झुंबड उडाली.

आता कर्ज मोबाइलवर मिळतं, वसुलीच्या धमक्याही मोबाइलवरच येतात. इथे मात्र विधिमंडळाच्या पायाखालची जागा सरकली आहे. केरळ आणि गुजरातच्या सावकारी कायद्यांबाबत २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. अ‍ॅपमागे अशी कंपनी उभी असेल तर नियम रिझर्व्ह बँकेचे, फोनचं जाळं केंद्राचं. राज्याकडे उरतात पोलीस.

म्हणून नव्या कायद्याची घोषणा करण्यापेक्षा हातातल्या यंत्रणेकडे पाहणं अधिक फायद्याचं. सावकारीत गेलेली जमीन परत देण्याची सुनावणी आणि सोसायटीचं मानीव अभिहस्तांतरण या दोन्ही गोष्टी सहकार खात्याच्या एकाच अधिकाऱ्याकडे येतात, जिल्हा उपनिबंधकाकडे; सावकारी कायद्यातला जिल्हा निबंधक तोच. एमपीआयडीची जप्ती महसूल अधिकाऱ्याच्या टेबलावर असते. महारेराचे वसुली आदेशही जिल्हाधिकारी कार्यालयातच जातात. कायदे विधानभवनात झाले, पण त्यांचं खरंखोटं तालुक्या-जिल्ह्याच्या कचेऱ्यांत ठरतं, आणि या कचेऱ्या पूर्णपणे राज्याच्या आहेत. त्यांच्यासाठी कोणाच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही. दर अधिवेशनात एका आमदाराने एवढाच तारांकित प्रश्न लावून धरावा : जप्त किती झालं, विकलं किती आणि ठेवीदाराच्या खात्यात पोचलं किती?