किम्, पाक् आणि ई : कोरियन नावांच्या उच्चाराविषयी

दक्षिण कोरियातील लोकप्रिय संगीताच्या जलशात गायकाच्या तोंडून पहिला शब्द बाहेर पडण्यापूर्वीच, आरंभीच्या वाद्यमेळावर, हजारो श्रोते एकमुखाने कलावंतांची संपूर्ण नावे ठरलेल्या क्रमाने पुकारतात. आणि हा नामघोष इतका काटेकोर तालबद्ध असतो की तो गीताचाच एक अवयव मानावा लागतो. १३ जून २०१३ रोजी रसिकांसमोर आलेल्या 'बीटीएस' या संघाच्या सातही जणांची नावे, आडनाव धरून, प्रत्येकी तीन अक्षरांची आहेत. प्रत्येक अक्षर तालाच्या एकेका टप्प्यावर पडते, आणि ज्याने रोमन लिपीतील लेखनावर विसंबून एका अक्षराची दोन अक्षरे केली किंवा दोहोंच्या मधला सांधा भलत्याच ठिकाणी मानला, त्याचा घोष समुदायाच्या मागे पडतो. महाराष्ट्रातही या संगीताचे चाहते आता शहरोशहरी आढळतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना ही नावे प्रथम भेटतात ती रोमन अक्षरांच्या मध्यस्थीने, आणि ही मध्यस्थी किती बेभरवशाची आहे, तसेच तिच्यावाचून आपले किती उत्तम चालण्यासारखे आहे, हे विस्ताराने सांगावे म्हणून हा लेख.

आडनावांपासून आरंभ करणे सोयीचे, कारण कोरियन माणूस आपले आडनाव नेहमी आधी सांगतो आणि मोजकी आडनावेच त्या देशाचा फार मोठा भाग व्यापतात. किम्, ई आणि पाक् ही तीन धरली तरी दक्षिण कोरियाच्या लोकसंख्येतील दर दहा माणसांपैकी चार-साडेचार माणसे त्यांत येतात. आपण ज्याला 'पार्क' म्हणतो त्या आडनावात र कोठेच नाही. इंग्रजी लिहिणाऱ्याने दीर्घ आ दाखविण्यासाठी घातलेले ते केवळ चिन्ह असून मूळ उच्चार 'पाक्' असा आहे. ज्याला 'ली' म्हणतो त्यात ल नाही. ते निव्वळ 'ई' आहे. 'चोई' हे लेखन पाहून दोन स्वर उच्चारावेत तर प्रत्यक्षात 'छ्वे' असे एकच अक्षर आहे, आणि 'रोह' असे लिहिल्या जाणाऱ्या, २००३ साली राष्ट्राध्यक्षपदी आलेल्या गृहस्थांचे नाव त्यांचे देशबांधव 'नो मुह्यॉन्' असे घेतात. शेवटच्या प्रकारास इतिहास आहे. चिनी भाषेतून आलेल्या शब्दांच्या आरंभीचा र-कार दक्षिणेत इ-कारापूर्वी लुप्त झाला आणि अन्य स्वरांपूर्वी त्याचा न झाला, तर उत्तर कोरियाने तो प्रमाण भाषेत कायम ठेवला. म्हणून एकाच कुळातून निघालेला मनुष्य दक्षिणेत 'ई' आणि उत्तरेत 'री' म्हणून ओळखला जातो.

हा रोमन गोंधळ कोणाच्या दुर्लक्षाने झालेला नाही. १९३९ साली मॅक्यून आणि रायशॉवर या दोघा अभ्यासकांची लिप्यंतर-पद्धती प्रसिद्ध झाली आणि तिने ध्वनींचा बारकावा राखला, परंतु स्वरांवरील कंस आणि वर लोंबणारे स्वल्पविराम सामान्य व्यवहारात टिकले नाहीत. २००० साली दक्षिण कोरियाच्या सरकारने नवी, चिन्हविरहित पद्धती जाहीर केली. तीत गावांची, स्थानकांची आणि रस्त्यांची नावे नव्याने लिहिली गेली. व्यक्तिनामांच्या बाबतीत मात्र पूर्वापार रूढ झालेले लेखन चालू ठेवण्याची मुभा देण्यात आली. परिणामी, दफ्तरी आणि पारपत्रावर ज्याने त्याने आपल्या पूर्वजांचे वा आपल्या आवडीचे इंग्रजी लेखन राखले, आणि एकच आडनाव तीन-तीन प्रकारे लिहिलेले दिसू लागले. अशा स्थितीत रोमन लेखन हे त्या व्यक्तीच्या सहीसारखे मानून आदराने पाहावे, पण उच्चाराचा दस्तऐवज म्हणून त्यावर भरवसा ठेवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

उच्चाराचा खरा दस्तऐवज आहे हांगुल लिपी. राजा सेजोंग याने ती १४४३ साली सिद्ध केली आणि १४४६ साली प्रसृत केली. प्रजेला आपले म्हणणे लिहिता यावे हा तिचा घोषित हेतू होता, आणि अठ्ठावीस मूळ अक्षरांपैकी चोवीस आजही वापरात आहेत. या लिपीची रचना मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. तिच्यातील व्यंजने उच्चारस्थानांप्रमाणे पाच गटांत मांडलेली असून पहिला गट कंठाकडील, म्हणजे आपल्या क-वर्गाचा आहे. क-चे चिन्ह जिभेचे मूळ कंठ अडविते त्या आकाराचे, न-चे जिभेचे टोक टाळ्याला भिडते त्या आकाराचे, म-चे मुखाच्या आकाराचे. आणि अल्पप्राण चिन्हात एक रेघ वाढविली की त्याच स्थानाचे महाप्राण चिन्ह तयार होते. ध्वनींची ही स्थानवार मांडणी सेजोंगच्या विद्वानांकडे चिनी ध्वनिशास्त्रातून आली, आणि त्या चिनी शास्त्राला वळण लावले होते ते संस्कृत ग्रंथ घेऊन गेलेल्या बौद्ध भिक्षूंच्या अध्ययनाने. शाळेत कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य अशी वर्णमाला पाठ केलेल्या मुलाला हांगुल शिकताना अर्धी वाट आधीच चालून झालेली असते, आणि ती वाट सोडून त्याने रोमन अक्षरांच्या आडरानात शिरावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता ज्या एका अक्षरापाशी चाहते सर्वाधिक अडखळतात त्याकडे वळू. हांगुलमध्ये च-वर्गाचे एक सौम्य व्यंजन आहे, ज्याला रोमन लिपीत 'जे' हे अक्षर देतात. शब्दाच्या आरंभी ते च आणि ज यांच्या मध्ये, परंतु घोषरहित, म्हणून च-कडे झुकलेले असते. स्वरानंतर वा अनुनासिकानंतर आले की तेच स्पष्ट ज होते. आणि क्, त्, प् यांसारख्या बंद व्यंजनानंतर आले की ते ताठर होऊन जवळजवळ च्च असे ऐकू येते. त्यामुळे बीटीएसमधील गायकाचे नुसते नाव घेताना 'चिमिन्' असा आरंभ होतो, आडनावासह घेताना 'पाक् च्चिमिन्' असे ऐकू येते, आणि हेच नाव असलेल्या किम् घराण्यातील व्यक्तीला मात्र 'किम् जिमिन्' असेच म्हटले जाते. याच नियमाने 'चॉन् जॉङ्गुक्' या नावात एकच व्यंजन आरंभी च-सारखे आणि पुढे ज-सारखे उमटते, आणि 'किम् सॉक्च्चिन्' यात क्-च्या धक्क्याने ते कठोर बनते. लिपीत अक्षर बदलत नाही, शेजार बदलला की ध्वनी बदलतो. मराठी बोलणाऱ्याने येथे आणखी एक सावधगिरी बाळगावी : आपल्या भाषेत जीव-मधला तालव्य ज आणि जहाज-मधला दंततालव्य ज असे दोन ज आहेत, आणि 'जॉ' असा स्वर पुढे आला की आपली जीभ सवयीने दुसऱ्याकडे वळते. कोरियन नावांत सर्वत्र पहिलाच, तालव्य, घ्यावयाचा.

शेजारामुळे ध्वनी बदलतो या सिद्धांताला आपण संधी म्हणतो, आणि कोरियन भाषेतील कित्येक संधी संस्कृत व्याकरण वाचलेल्याला ओळखीचे वाटतात. वाक् आणि मय मिळून वाङ्मय होते, जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ होतो. कोरियन उच्चारातही बंद व्यंजनापुढे अनुनासिक आले की ते व्यंजन आपल्याच वर्गाचे अनुनासिक होते, आणि म्हणून पाक् आडनावाचे विनोदी कलावंत म्यॉङ्सु यांचे संपूर्ण नाव भरभर उच्चारताना 'पाङ् म्यॉङ्सु' असे होते. उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, तद्वत् सिन् आणि रा अशी दोन अक्षरे लिहून कोरियन मनुष्य आपल्या प्राचीन राज्याचे नाव 'सिल्ला' असे वाचतो. या वाचनातही स ऐवजी श ऐकू येतो, कारण इ-कारापूर्वी कोरियन स श-कडे वळतो. 'सुपर ज्युनियर' संघातील छ्वे यांचे नाव रोमन लिपीत स-ने लिहितात, पण म्हणावयाचे 'शिवॉन्' असे. म्हैस आणि म्हशी ही रूपे जन्मापासून बोलणाऱ्या आपल्याला हा बदल कोणी शिकवावा लागू नये.

स्वरांच्या बाबतीत दोन स्वर खास लक्ष मागतात. एक आपल्या अ आणि ऑ यांच्या मधला. मी या लेखात तो 'ऑ' असा लिहिला आहे, परंतु ओठ ऑ-इतके गोल करू नयेत. रोमन लेखनात तो कधी दोन स्वराक्षरांनी तर कधी उ-च्या अक्षराने दाखवितात, आणि त्यामुळेच 'जंगकुक', 'होसेओक' असली रूपे आपल्याकडे छापली जातात. दुसरा स्वर मराठीत नाही : जीभ उ-च्या जागी ठेवून ओठ ई-प्रमाणे पसरावेत, म्हणजे तो साधतो. 'आययू' या नावाने गाणाऱ्या गायिकेच्या मूळ नावातील, ई जिउन् यातील, शेवटचा स्वर हाच. 'रेड व्हेल्व्हेट'मधील सुल्गि हिच्या नावाचा पहिला स्वरही हाच.

अनुस्वाराविषयी मात्र मला आग्रहाने लिहावेसे वाटते. आपण बिंदू देतो आणि त्याचा उच्चार पुढील व्यंजनावर सोपवितो. कोरियन भाषेत न्, म् आणि ङ् हे तीन स्वतंत्र वर्ण असून अक्षराच्या शेवटी ते आपापले स्थान सोडीत नाहीत. 'युंगी' असे लिहिले की मराठी वाचक ङ् उच्चारतो, पण ते नाव 'युन्गि' आहे, तेथे जीभ दातांमागे भिडली पाहिजे. 'नांजुन' नव्हे, 'नाम्जुन्', आणि तेथे ओठ मिटले पाहिजेत. उलट 'थेह्यॉङ्' या नावाच्या शेवटी निखळ ङ् आहे, त्याच्या मागून ग येत नाही. ज्या ङ-काराला आपण बाराखडीत मान देतो आणि पुढे वाङ्मयाखेरीज फारसे भेटत नाही, तो कोरियन नावांत पावलोपावली आहे. असेच अंत्य क्, त्, प् यांचे : तेथे जिभेने वा ओठांनी वाट अडवावी आणि श्वास बाहेर न सोडता थांबावे, आपण 'पाक' म्हणताना शेवटी जो हलका झटका देतो तो तेथे नसतो. महाप्राणाची मात्र आपल्याला चिंता नाही. 'थेह्यॉङ्'मधील थ आणि 'ब्लॅकपिंक' संघातील रोझे हिच्या 'पाक् छेयॉङ्' या मूळ नावातील छ देवनागरीत सरळ लिहिता येतो, रोमन लिपीत तो अर्धवटच राहतो. सोल शहरातील आजच्या तरुण पिढीच्या बोलण्यात तर शब्दारंभीचे सौम्य आणि महाप्राण व्यंजन पुढील स्वराच्या उंचीवरून ओळखले जाते : महाप्राणामागून येणारा स्वर चढा लागतो. संगीताच्या कानाला हा फरक पुस्तकापेक्षा लवकर कळतो.

इतक्या बारकाव्याची आवश्यकता काय, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर कोरियाच्या विसाव्या शतकात आहे. जपानच्या अंमलाखालील त्या देशात फेब्रुवारी १९४० मध्ये जपानी धर्तीचे कुलनाम धारण करण्याचा हुकूम अमलात आला. नोंदणी नावापुरती ऐच्छिक होती, परंतु दडपण असे होते की सहा महिन्यांच्या मुदतीत सुमारे ऐंशी टक्के कुटुंबांनी जपानी कुलनाम दफ्तरी दाखल केले. त्याच १९४० साली हांगुलच्या रचनेची मीमांसा करणारा १४४६ चा मूळ ग्रंथ आंदोंग येथे हाती लागला, आणि चॉन् ह्यॉङ्फिल् या संग्राहकाने तो विकत घेऊन देश मुक्त होईपर्यंत लपवून ठेवला. माणसांची नावे सरकारी वह्यांतून पुसली जात असताना ती नावे लिहिण्याची विद्या एका घरात सुरक्षित होती. गेलेली नावे १९४६ साली कायद्याने परत मिळाली.

जपानमध्ये राहिलेल्या कोरियनांचा प्रश्न त्यानंतरही शिल्लक होता, कारण त्यांची नावे चिनी चित्राक्षरांत लिहिली जात आणि जपानी माणूस ती अक्षरे जपानी पद्धतीने वाचीत असे. छ्वे छाङ्ह्वा या कोरियन धर्मोपदेशकाचे नाव जपानच्या राष्ट्रीय नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेच्या बातमीपत्रात १९७५ साली 'साइ शोका' असे वाचले गेले, तेव्हा त्याने त्या संस्थेवर फिर्याद लावली आणि नुकसानभरपाई मागितली ती अवघा एक येन. दावा वरच्या न्यायालयापर्यंत चालत राहिला. १६ फेब्रुवारी १९८८ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची मागणी अमान्य केली, कारण त्या वाचनाच्या वेळी तो समाजात रूढ प्रघात होता. परंतु त्याच निवाड्यात न्यायालयाने हेही मान्य केले की आपले नाव अचूक उच्चारले जाणे हे व्यक्तीचे कायद्याने संरक्षण मिळण्याजोगे हित आहे. निकाल लागेतोवर जपानी वृत्तसंस्थांनी कोरियन नावे कोरियन उच्चारात वाचण्यास प्रारंभही केलेला होता. हरलेल्या फिर्यादीने जिंकलेली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि आपल्या वृत्तपत्रांनी, जेथे लिपी त्यांच्या हाती आयती आहे तेथे, 'पार्क' आणि 'चोई' यांऐवजी 'पाक्' आणि 'छ्वे' छापण्यास कोणती हरकत असावी हे मला समजत नाही.

राहिले संबोधन. व्यंजनान्त नावाला प्रेमाने हाक मारताना कोरियन माणूस शेवटी आ जोडतो आणि स्वरान्त नावाला या जोडतो, म्हणून 'चिमिना' आणि 'चिसुया'. राम या नावाची रामा अशी हाक ज्या घरांत ऐकू येते तेथील मुलांना पहिले रूप आपसूक जमते. मात्र ही हाक बरोबरीच्या किंवा वयाने लहान माणसालाच मारतात, आणि वडीलधाऱ्याला ती मारणे उद्धटपणाचे ठरते. वडीलकीचा मान राखण्यासाठी तेथेही आपल्या दादा-ताईंसारखी नाती आहेत, परंतु बोलणाऱ्यावरून ती बदलतात : मुलगी मोठ्या मुलाला 'ओप्पा' आणि मोठ्या मुलीला 'ऑन्नि' म्हणते, तर मुलगा अनुक्रमे 'ह्यॉङ्' आणि 'नुना' म्हणतो. ओळख नसलेल्या प्रौढाचा आदराने उल्लेख करताना नावापुढे 'शि' लावतात, तेही संपूर्ण नावापुढे किंवा नुसत्या नावापुढे. केवळ आडनावापुढे 'शि' लावून कोणाला बोलावणे तेथे अवमानकारक समजले जाते, आणि पाश्चात्त्य रिवाजाच्या सवयीने नेमकी हीच चूक बाहेरच्या देशांतील चाहत्यांकडून वारंवार होते.