यंत्रांची हजेरी

संगणकाला कळफलक, पडदा, माहिती साठविणारी चकती, कॅमेरा अशी नाना उपकरणे जोडलेली असतात. या सर्वांकडून कामे करून घेणारी जी मूळ आज्ञावली असते, तिला 'कर्नल' असे म्हणतात. कर्नल म्हणजे बीजातील गर. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' नावाचा कर्नल प्रसिद्ध केला. पुढे जगभरच्या असंख्य लोकांनी त्यात भर घातली.

प्रत्येक उपकरणाची भाषा निराळी असते. ती जाणणाऱ्या आज्ञावलीला 'ड्रायव्हर' म्हणतात. लिनक्समध्ये असे हजारो ड्रायव्हर आहेत. त्यांपैकी कोणते घ्यावयाचे व कोणते वगळावयाचे, हे कर्नल तयार करण्यापूर्वी ठरवावे लागते. सगळेच घेतले, तर कर्नल तयार होण्यास फार वेळ लागतो. उलट, चकतीचाच ड्रायव्हर राहून गेला, तर संगणक सुरूच होत नाही. म्हणून यंत्रात काय काय आहे, हे आधी नेमके कळले पाहिजे.

पूर्वीच्या उपकरणांना स्वतःची ओळख सांगता येत नसे. कर्नल एखाद्या ठिकाणी संदेश पाठवी आणि मिळालेल्या उत्तरावरून तेथे कोण असावे, याचा तर्क करी. या रीतीत मोठा धोका होता. त्या ठिकाणी भलतेच उपकरण असले, तर ते त्या संदेशाचा विपरीत अर्थ घेई आणि कधी कधी सारा संगणकच बंद पडे.

१९९२ साली 'पीसीआय' ही जोडणीची नवी पद्धत आली आणि ही अडचण बरीचशी दूर झाली. या पद्धतीत प्रत्येक उपकरणात दोन क्रमांक कोरलेले असतात. एक बनविणाऱ्या कंपनीचा व दुसरा त्या उपकरणाचा. इंटेल कंपनीचा क्रमांक ८०८६ हा आहे. त्याच नावाचा तिचा प्रोसेसर १९७८ साली निघाला होता. कर्नल एकेका जागेला क्रमांक विचारतो. जागा रिकामी असेल, तर उत्तराच्या सोळाही स्थानी एक हाच अंक येतो. कोणते क्रमांक आपले, याची यादी प्रत्येक ड्रायव्हरजवळ असते. क्रमांक जुळला, की तो ड्रायव्हर त्या उपकरणाचा ताबा घेतो. तर्काची जागा अशा रीतीने हजेरीने घेतली.

२००९ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या २.६.३२ या आवृत्तीत या हजेरीचा आणखी एक उपयोग करण्यात आला. 'लोकलमॉडकॉन्फिग' ही आज्ञा दिली असता, त्या क्षणी कोणते सुटे ड्रायव्हर कामावर आहेत ते पाहिले जाते व उरलेले सुटे ड्रायव्हर यादीतून वगळले जातात. त्यामुळे तासांचे काम पुष्कळदा काही मिनिटांत आटोपते.

तथापि, येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. वर्गात हजेरीच्या वेळी गैरहजर असलेला विद्यार्थी शाळेतलाच असतो. परंतु ही आज्ञा गैरहजर उपकरणाला परके समजते. कॅमेरा त्या वेळी जोडलेला नसेल, तर त्याचा ड्रायव्हर वगळला जातो, आणि पुढे कॅमेरा जोडला तरी नवा कर्नल त्याच्याकडून काम करून घेऊ शकत नाही. म्हणून जाणकार मनुष्य आज्ञा देण्यापूर्वी आपली सर्व उपकरणे एकदा जोडून घेतो आणि तयार झालेली यादी स्वतः वाचून पाहतो.