परदेशगमन आणि इंग्रजीची कसोटी

उच्च शिक्षणासाठी वा नोकरीसाठी ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना बहुधा इंग्रजीच्या ज्ञानाचा दाखला सादर करावा लागतो. मान्यताप्राप्त परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे ही चारही अंगे तपासली जातात. परक्या देशात उमेदवाराला वर्गातील व्याख्यान समजावे आणि दैनंदिन व्यवहार स्वतः करता यावेत, हाच या अटीचा हेतू होय.

परंतु दाखला आवश्यक ठरला की त्याचा बाजारही मांडला जातो. ब्रिटनमधील घटना या दृष्टीने उद्‌बोधक आहे. लंडनमधील एका परीक्षा केंद्रात उमेदवाराऐवजी तोतया व्यक्ती परीक्षा देतात आणि उत्तरे मोठ्याने वाचून दाखविली जातात, हे बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमाने फेब्रुवारी २०१४ मध्ये उघडकीस आणले. परीक्षा होती 'टोइक'. त्यानंतर परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ध्वनिमुद्रित आवाजांची पडताळणी केली. २०११ ते २०१४ या काळातील ५८,४५९ परीक्षांपैकी ३३,६६३ अवैध, तर २२,६९४ संशयास्पद ठरविण्यात आल्या. या निष्कर्षांच्या आधारे ब्रिटिश सरकारने हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केले. त्यांत भारतीयही होते.

निरपराधांनाही झळ

ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये या प्रकरणाचा अहवाल प्रसिद्ध केला. गैरप्रकार मोठ्या प्रमाणावर झाले होते, हे त्यात नमूद आहेच; तथापि काहींवर चुकीचा ठपका आला असण्याची शक्यताही त्यात मान्य करण्यात आली आहे. अनेकांना वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागले. हजारो जणांनी अपिले जिंकली. परंतु तोवर शिक्षण खंडित झाले होते आणि घरच्यांनी उभारलेला पैसा खर्ची पडला होता. तोतयेगिरीचे मोल अशा रीतीने प्रामाणिक विद्यार्थ्यालाही चुकवावे लागते.

दक्षता कोणती घ्यावी?

खोटी माहिती वा बनावट दाखला सादर केल्यास कॅनडात पाच वर्षे प्रवेश नाकारला जातो. ब्रिटनमध्ये ही बंदी दहा वर्षांपर्यंत असू शकते. "मध्यस्थाने केले, मला ठाऊक नव्हते," हा बचाव सहसा टिकत नाही; कारण अर्जावर स्वाक्षरी उमेदवाराची असते.

यास्तव परीक्षेची नोंदणी उमेदवाराने स्वतः अधिकृत केंद्रातच करावी. शुल्काची पावती, प्रवेशपत्र व निकालपत्र जपून ठेवावे. न वाचता कोऱ्या अर्जावर सही करू नये. हमखास गुणांचे आश्वासन देणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे.

शिक्षक व पंचायत सदस्य यांच्याकडे पालक विश्वासाने सल्ला मागण्यास येतात. शेत गहाण टाकून मध्यस्थाच्या हाती पैसे देण्यापूर्वीच त्यांनी पालकांना ही माहिती दिली, तर एखादे कुटुंब उद्ध्वस्त होण्यापासून वाचेल. सहा महिने मन लावून केलेला इंग्रजीचा अभ्यास विकतच्या दाखल्याहून स्वस्त पडतो, आणि परदेशात उपयोगी पडतो तोही अभ्यासच.