सिॲटलचा पर्वत : माउंट रेनियर

अमेरिकेच्या वायव्य टोकाला पॅसिफिक महासागराचा एक लांबट फाटा जमिनीत खोलवर शिरला आहे. त्याच्या काठी सिॲटल हे शहर वसलेले आहे. तेथे हिवाळ्याचे कित्येक महिने आभाळ भरलेले असते. पाऊस कोकणातल्यासारखा कोसळत नाही. बारीक झिमझिम चालू राहते आणि लोकांना तिचे काही वाटेनासे होते. मग एखाद्या सकाळी ढग उठतात, आणि दुकानात, बसमध्ये, कचेरीच्या दारात एकच वाक्य ऐकू येते : आज पर्वत बाहेर आला आहे. कोणता पर्वत, हे कोणी विचारीत नाही. माउंट रेनियर हा शहरापासून सुमारे ६० मैल दूर आहे, तरी सिॲटलकर त्याला घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा मानतात. तो दिसला की दिवस चांगला जातो अशी त्यांची समजूत आहे.

या पर्वताची उंची सुमारे १४,४०० फूट भरते. हिमालयाच्या हिशेबाने ती काहीच नव्हे. नंदादेवी किंवा कांचनगंगा यांच्यापुढे रेनियर म्हणजे बालक. परंतु पाहणाऱ्याच्या डोळ्याला नकाशावरचा आकडा दिसत नसतो. पर्वताची उंची आणि पाहणारा जेथे उभा आहे त्या जागेची उंची, यांतील अंतर त्याला दिसते. दार्जिलिंगहून कांचनगंगा पाहणारा मनुष्य स्वतःच सात हजार फुटांवर उभा असतो, आणि कांचनगंगेच्या शेजारी इतर शिखरांची रांग असते. सिॲटलचा मनुष्य समुद्राच्या पातळीवर उभा असतो आणि त्याच्यासमोर एकच एक पर्वत, शेजारी तोलाचा दुसरा कोणी नसताना, पायापासून माथ्यापर्यंत उठलेला असतो.

गणित मांडले तर मात्र गंमत दिसते. सिॲटलहून या पर्वताची उंची क्षितिजावर दोन अंशांपेक्षा थोडीशीच अधिक भरते. हात लांब करून अंगठा आडवा धरला तर बहुतेक पर्वत त्याच्याआड जाईल. चार-साडेचार पूर्ण चंद्र एकावर एक ठेवले तर होईल तेवढाच हा देखावा. तरीही पाहणारा शपथेवर सांगेल की पर्वताने अर्धे आकाश व्यापले होते. क्षितिजाजवळचा चंद्र मोठा भासतो, तसाच हा काही अंशी मनाचा खेळ आहे. दुसरे कारण हवेत आहे. साठ मैलांच्या हवेतील बाष्प आणि धूलिकण प्रकाश विखुरतात, त्यामुळे पर्वताचा खालचा निळसर, अरण्याने झाकलेला भाग आकाशाच्या रंगात मिसळून नाहीसा होतो. वरचे बर्फ मात्र उन्हात झळकत असते. परिणामी पायाविना पर्वत, अधांतरी तरंगणारा शुभ्र घुमट, असे दृश्य उभे राहते. आणि पाया दिसत नाही म्हणून त्याच्या आकाराला माप लावता येत नाही.

हा देखावा शहराने जपूनही ठेवला आहे. १९०९ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात एक मोठे प्रदर्शन भरले होते. त्याची आखणी करणाऱ्या ओल्मस्टेड बंधूंनी मुख्य रस्ता व कारंजे थेट रेनियरच्या दिशेने मांडले. प्रदर्शन गेले, पण ती मोकळी वाट आजही राखलेली आहे. विद्यार्थी वर्गातून बाहेर पडले की समोर पर्वत. अर्थात ढग नसतील तर.

पर्वताच्या टोकावर कधीकधी भाकऱ्या एकावर एक रचाव्यात तसा ढगांचा थर बसतो. समुद्रावरून आलेली दमट हवा पर्वतावर चढताना थंड होऊन हा ढग तयार होतो. तो दिसला की पाऊस जवळ आला असे स्थानिक लोक ओळखतात. याहून विलक्षण म्हणजे पर्वताची सावली. हिवाळ्याच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे सरकतो, आणि पर्वताच्या वायव्येकडील गावांतून पाहता तो नेमका पर्वताच्या मागून उगवतो. त्या वेळी वर ढगांचे छत असले तर खालून येणाऱ्या किरणांत पर्वताची सावली जमिनीवर न पडता वर, ढगांच्या तळावर पडते. थोडा वेळच हे दृश्य टिकते.

आता नावाविषयी. तेथील आदिवासी या पर्वताला टकोमा किंवा तशाच उच्चाराच्या नावाने ओळखत आले आहेत. जवळच्या टकोमा शहराचे नाव त्यावरूनच पडले. १७९२ साली ब्रिटिश आरमारी कप्तान जॉर्ज व्हँकुव्हर याने जहाजावरून हा पर्वत पाहिला आणि आपला मित्र पीटर रेनियर याचे नाव त्याला देऊन टाकले. रेनियरने हा पर्वत जन्मात पाहिला नाही. उलट तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकनांच्या विरुद्ध लढून जखमी झालेला होता! पुढे १७९४ पासून दहा-अकरा वर्षे हिंदी समुद्रातील ब्रिटिश आरमार याच रेनियरच्या हुकमतीखाली होते. म्हणजे १८०३ साली असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजा इंग्रजांशी झुंजत होत्या, तेव्हा या किनाऱ्याबाहेरच्या समुद्राचा सेनापती तो होता. मरताना त्याने आपल्या मिळकतीचा दहावा हिस्सा इंग्लंडचे राष्ट्रीय कर्ज फेडण्यासाठी लिहून ठेवला. मनुष्य सज्जन असेल. पण पर्वताला त्याचे नाव का, या प्रश्नाला उत्तर नाही.

शिखरावर चढल्याची पहिली पक्की नोंद १७ ऑगस्ट १८७० ची आहे. हॅझर्ड स्टीव्हन्स आणि व्हॅन ट्रंप हे दोघे स्लुइस्किन नावाच्या आदिवासी वाटाड्याला घेऊन निघाले. झाडांची हद्द संपली तेथे स्लुइस्किन थांबला. वर जाणारा परत येत नाही, असे त्याने त्यांना परोपरीने सांगून पाहिले. दोघे गेले, घोंगड्याही बरोबर न घेता गेले, कारण संध्याकाळपर्यंत परतू असा त्यांचा अंदाज होता. माथ्याला पोहोचेतो दिवस सरला. तेव्हा पर्वताच्या पोटातील आगीनेच त्यांना वाचविले. शिखरावरील विवरांतून आजही वाफ निघते आणि त्या वाफेने बर्फात गुहा कोरल्या आहेत. तशा एका गुहेत, एका अंगाने भाजत आणि दुसऱ्या अंगाने गोठत, त्यांनी रात्र काढली. दुसऱ्या दिवशी ते खाली आले तेव्हा स्लुइस्किनला प्रथम ती भुतेच वाटली.

पहिली स्त्री वर गेली ती १८९० साली. फे फुलर हे तिचे नाव. वय वीस, आणि ती येल्म या खेडेगावात शाळामास्तरीण होती. तिने चढाईसाठी विजारीसारखा पोशाख शिवला, याचीच त्या काळी चढाईपेक्षा अधिक चर्चा झाली.

आज वर जाण्याची नेहमीची वाट पॅराडाइज या ठिकाणाहून सुरू होते. तेथवर मोटार जाते. या ठिकाणाची उंची ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याइतकी. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जेथे संपते तेथे ही चढण सुरू होते. पॅराडाइजला १९७१-७२ च्या हिवाळ्यात १,१२२ इंच, म्हणजे ९३ फुटांहून अधिक बर्फ पडले. तो त्या वेळी जगातला उच्चांक होता.

पहिल्या दिवशी साडेचार मैल चालून दहा हजार फुटांवरील म्यूर छावणी गाठायची. या टप्प्यात भेगा फारशा नसतात, म्हणून लोक तो सोपा समजतात. परंतु धुके आणि हिमवादळ आले की जमीन आणि आकाश एकच पांढरे होते, दिशा कळेनाशी होते, आणि अनुभवी माणसेही येथे वाट चुकून प्राणास मुकली आहेत. छावणीत संध्याकाळीच झोपायचे आणि मध्यरात्रीच्या सुमारास उठायचे. रात्री निघण्याचे कारण साधे आहे. थंडीने बर्फ घट्ट असते. दिवस वर आला की ते मऊ पडते, भेगांवरचे बर्फाचे पूल खचतात, वरचे दगड सुटतात. म्हणून कपाळावर दिवा, बुटांना लोखंडी काटे, हातात बर्फाची कुऱ्हाड, आणि तीन-चार माणसे एका दोरात बांधलेली, अशी ही रांग अंधारात हिमनदीवरून चालते. एक घसरला तर बाकीच्यांनी कुऱ्हाड बर्फात रोवून त्याला धरायचे. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-पंचमांश उरतो. दोन पावले टाकावीत आणि थांबून श्वास घ्यावा, असा तो शेवटचा टप्पा.

दरवर्षी सुमारे दहा हजार लोक प्रयत्न करतात आणि जवळजवळ निम्मे माथा न गाठता परततात. परतणे येथे कमीपणाचे मानीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. २१ जून १९८१ रोजी इंग्रॅहम हिमनदीवर बर्फाचा कडा कोसळून अकरा जण गाडले गेले. त्यांचे देह अजून त्या हिमनदीतच आहेत.

भारताशीही या पर्वताचा एक धागा जुळलेला आहे. १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेने १९६२ साली येथेच सराव केला. १ मे १९६३ रोजी सिॲटलचा जिम व्हिटेकर एव्हरेस्टवर पोहोचला तेव्हा त्याच्या बरोबर दार्जिलिंगचे नवांग गोंबू, तेनसिंग यांचे भाचे, होते. दोन वर्षांनी गोंबू भारतीय मोहिमेबरोबर पुन्हा एव्हरेस्टवर गेले. दोनदा तेथे पोहोचलेले ते पहिले गृहस्थ. पुढील काळात रेनियरवर येणाऱ्या हौशी गिर्यारोहकांना वाट दाखविण्याचे कामही त्यांनी केले.

येथवरचे वर्णन डोळ्यांना दिसणाऱ्या पर्वताचे झाले. त्याच्या पोटात काय चालले आहे हे पाहिल्यावाचून विषय पुरा होत नाही. रेनियर हा ज्वालामुखी आहे. सह्याद्रीचा लाव्हा निवून साडेसहा कोटी वर्षे लोटली; हा पर्वत अवघ्या पाच लाख वर्षांचा, आणि अजून तापलेला. परंतु शास्त्रज्ञांना लाव्ह्याची तितकीशी चिंता वाटत नाही. चिंता आहे ती चिखलाची. आतील गरम, आम्लयुक्त पाणी आणि वाफ यांनी कातळ हळूहळू कुजून त्याची चिकणमाती होते. पर्वताची पश्चिमेकडील बाजू अशी आतून पोखरलेली आहे. वरून बर्फाचा भार. एखादा मोठा भाग निसटला तर माती, पाणी, दगड, मोडलेली झाडे यांचा लोंढा नदीच्या खोऱ्यातून धावत सुटतो, आणि त्यासाठी उद्रेक व्हावाच लागतो असे नाही. अशा लोंढ्याला लाहार म्हणतात. शब्द जावा बेटातला आहे. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी या पर्वताचा माथाच ढासळून असा लोंढा समुद्रापर्यंत गेला. आज त्या चिखलावर गावेच्या गावे उभी आहेत. १९८५ साली कोलंबियातील एका हिमाच्छादित ज्वालामुखीच्या लहानशा उद्रेकाने बर्फ वितळले आणि आर्मेरो शहर एका रात्रीत गाडले गेले. वीस हजारांहून अधिक माणसे मेली.

रेनियरच्या पायथ्याकडच्या खोऱ्यात ऑर्टिंग नावाचे छोटे गाव आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या लोंढ्याच्या चिखलावर ते वसले आहे. पाया खणताना त्या वेळी गाडलेल्या वृक्षांचे बुंधे सापडतात. पर्वतावर लोंढा सुटला तर तो गावात येण्यास तासाभराहून कमी अवधी लागेल असा अंदाज आहे. १९९८ पासून खोऱ्यात जमिनीचे कंप टिपणारी यंत्रे बसविली आहेत, आणि धोक्याचे भोंगे आहेत. गावातील शाळांत लोंढ्याची तालीम होते. भोंगा वाजला की मुलांनी दप्तरे टाकून, रांगेने, शिक्षकांबरोबर उंच जागेकडे चालत जायचे. मोटारींनी रस्ते तुंबतील, म्हणून पायीच. लहान मुलांची पावले लहान, आणि टेकडीकडे जाताना वाटेत नदी आडवी. म्हणून मुलांसाठी पायी जाण्याचा स्वतंत्र पूल बांधावा, अशी मागणी तेथील पालकांनी अनेक वर्षे लावून धरली. तालीम संपली की टेकडीवर मुलांची मोजदाद होते, आणि ती पुन्हा आपापल्या वर्गात जातात.